रायवळाचा निवाडा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हाला आठवीत गणित शिकवत. उत्तर बरोबर आले म्हणून ते कधी खूश झाले नाहीत. वहीत नुसते ‘बारा’ लिहिलेले दिसले की विचारायचे, “बारा काय? बारा म्हशी?” एकक नसलेले उत्तर त्यांच्या लेखी चूकच. पुढे मी अर्थशास्त्र शिकलो, बरीच वर्षे शिकवलेही. या विषयात सगळ्या गोष्टींचे एकक रुपयाच असते हे पाहून मला गुरुजी अनेकदा आठवले. जे बाजारात विकले जात नाही ते रुपयांत आणायचे की नाही, आणायचे तर कसे, आणि आणल्यावर त्या आकड्याचे करायचे काय, एवढाच आजचा विषय.

येताना एक कागद आणला आहे. कोकणात आमच्या घरावरून जाणारा महामार्ग रुंद झाला, त्यात माझ्या काकांची अकरा गुंठे जागा गेली. हा त्या जागेचा निवाडा. शब्द न्यायासनावरचा आहे, पण कागद उलगडला की आत निघतो तक्ता. जमीन, मग विहीर, मग गडगा, मग झाडे. झाडांत कलमी आंबे चार, रायवळ आंबा एक, फणस दोन, काजू नऊ, साग तीन. प्रत्येकापुढे वय, बुंध्याचा घेर आणि रक्कम. सागाला चांगली रक्कम, कारण त्याचे लाकूड विकले जाते. कलमांना चांगली रक्कम, कारण त्यांच्या पेट्या मुंबईला जातात. आंब्यांत सगळ्यांत स्वस्त धरला आहे तो रायवळ.

हा रायवळ आमच्या घराच्याही आधीचा. त्याचे फळ कोणी कधी विकले नाही. पावसाच्या तोंडावर खाली सडा पडायचा आणि येणारी-जाणारी माणसे पिशव्या भरून न्यायची, विचारायची पद्धत नव्हती. आजी त्याच्या रसाची साठे घालायची. गावात कोणी गेले की सरपणासाठी एखादी फांदी मागायला लोक येत आणि त्यांना नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. एस.टी.ची वाट बघणारे त्याच्या सावलीत बसत. थांब्याला नाव दुसरेच होते, कंडक्टर मात्र ‘आंब्याकडचे उतरा’ असेच ओरडायचा. यातले काही तक्त्यात नाही. तक्ता भरणाऱ्या माणसाला मी बोल लावत नाही. त्याच्या नमुन्यात झाडासाठी दोनच प्रश्न होते: फळ किती आणि लाकूड किती. सावलीसाठी रकानाच नव्हता.

ज्याला बाजारभाव नाही अशा वस्तूसाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक अनमोल, दुसरा फुकट. आईची माया अनमोल, आईने लाटलेल्या पोळ्या फुकट. एका शब्दात आपण हात जोडतो, दुसऱ्यात हात पुढे करतो. हिशेबाच्या वहीत मात्र दोघांपुढेही शून्यच मांडलेले असते, आणि माझ्या तक्रारीचा बहुतेक सूर या शून्याबद्दल आहे.

शून्याशी भांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. कालव्याचे मोल सरकारजमा होणाऱ्या पाणीपट्टीवरून ठरवणे त्यांना पटणारे नव्हते. पाणी आल्याने कोणती पिके आली, मजुरांना किती दिवसांचे काम मिळाले, बाजारपेठेत काय हलले, असे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ त्यांनी गावोगाव जाऊन मोजायला घेतले. पुढे त्याच संस्थेच्या सोवनी आणि रथ यांनी हिराकुद धरणाचा असा हिशेब केला, तो १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. खात्याच्या जमाखर्चात न दिसणारा फायदा दिसता करण्याची ही कामगिरी मोठी होती. तोटा दिसता करण्याची विद्या मात्र आपण फार सावकाश शिकलो. धरणाच्या वरच्या अंगाला काय बुडाले याचा तक्ता माझ्या काकांच्या निवाड्यासारखाच राहिला.

आता घरात येऊ, कारण सगळ्यांत मोठे शून्य तिथेच आहे.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की एखाद्या गृहस्थाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशी लग्न केले, तर देशाचे उत्पन्न घटते. काम तेच, घर तेच, फक्त पगार थांबला. हे उदाहरण वर्गात सांगितले की मुले हसायची, मुली हसायच्या नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब आजही त्याच नियमाने चालतो. घरी खाल्लेले स्वतःच्या शेतातले तांदूळ त्यात धरतात, ते शिजवण्याचे श्रम धरत नाहीत.

ते श्रम किती, हे निदान आता मिनिटांत माहीत आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, पुरुष ९७ मिनिटे. पुरुषांचा आकडा बरा वाटला असेल तर थांबा. ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे, आणि असे पुरुष साधारण चारांत एक निघाले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. थोडक्यात, दोघांनीही थोडे कमी केले.

इथवर एकक मिनिट आहे. रुपया कुठे येतो? तो येतो मोटार अपघाताच्या खटल्यात. गृहिणी अपघातात गेली, आता विमा कंपनीने कुटुंबाला किती द्यायचे? मिळवत्या माणसाचा पगार असतो, त्याला वयाप्रमाणे पट लावतात. जिला पगारच नव्हता तिच्या रकान्यात काय भरायचे? मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टाने एक तोड काढली: न मिळवत्या जोडीदाराचे उत्पन्न मिळवत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरावे. ही तोड जरा जवळून बघा. एकाच इमारतीत दोन बिऱ्हाडे आहेत. दोन्ही घरांत पहाटे पाचला गॅस पेटतो, दोन्ही घरांत डबे भरले जातात, सासूची औषधे दिली जातात. एकीचा नवरा कारकून, दुसरीचा बँकेत मॅनेजर. त्या परिशिष्टाच्या लेखी दुसरीच्या पोळ्या कितीतरी महाग ठरत. नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या आमटीचाही भाव चढायचा.

सर्वोच्च न्यायालयापुढे लता वाधवा यांच्या खटल्यात हा प्रश्न आला. १९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत माणसे गेली होती, त्यांत स्त्रिया आणि मुले बरीच. गृहिणींच्या कामाचे मोल आधी वर्षाला १२,००० रुपये धरले गेले होते. न्यायालयाने २००१ मध्ये ते फारच कमी ठरवले आणि ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींसाठी महिना ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये धरले. त्याहून वयाने मोठ्या स्त्रियांसाठी वर्षाला २०,०००. साठीनंतर बाईचे काम कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी सून नोकरी करत असलेल्या कुठल्याही घरात एक दिवस राहून यावे.

२०१० च्या अरुणकुमार अगरवाल खटल्याच्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या गटात टाकले होते, त्यावर न्यायमूर्तींनी कडक ताशेरे ओढले. आणि २०२१ च्या जानेवारीत कीर्ती खटल्यात वर सांगितलेल्या २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला थेट निकालपत्रात आला. देशभरच्या एका पाहणीतला आकडा एखाद्या पोरक्या घराच्या भरपाईत कसा उतरतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता कोणी म्हणेल, आईच्या कामाला भाव लावणे हा तिचा अपमान आहे. हे म्हणणारे बहुधा जेवायला बसलेले असतात. या निकालांतून ज्या मुलांच्या शिक्षणाची सोय झाली असेल त्यांचा त्यात काही अपमान झाला असेल असे मला वाटत नाही. मात्र एक लक्षात ठेवू. न्यायालयाने आईची किंमत ठरवली नाही. आई गेल्यावर घराची जी आर्थिक कुचंबणा होते तिचा किमान अंदाज केला, आणि तोही भरपाई वसूल करायची म्हणून. प्रश्न नेमका होता, म्हणून उत्तराला अर्थ आला. हाच आकडा घेऊन उद्या कोणी म्हणाले, ‘हे घ्या वर्षाचे छत्तीस हजार आणि द्या आई,’ तर त्याला आपण वेडा म्हणू. रानाच्या बाबतीत मात्र हे असेच चालते, आणि तिथे त्याला वेडा न म्हणता प्रकल्पप्रस्तावक म्हणतात.

वनजमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला दिली तर ती घेणाऱ्याने त्या वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरायचे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयात गोदावर्मन प्रकरणात रुजले. कांचन चोप्रा यांच्या समितीने मोजण्याच्या रीती सुचवल्या आणि मार्च २००८ मध्ये दर ठरले: वनाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दहापट. २०२२ मध्ये हे दर साधारण दीडपट झाले. हे मूल्य भरण्याची रीत येण्याआधी वन तोडताना लाकडाची किंमत आणि पर्यायी झाडे लावण्याचा खर्च एवढेच पाहिले जाई, त्या मानाने ही मोठी सुधारणा, हे आधी कबूल करतो.

पण हेक्टर हे एकक आपल्या डोक्यात नीट उतरत नाही. आपल्याला कळतो चौरस फूट. एका हेक्टरात सुमारे १,०७,६०० चौरस फूट असतात. भागाकार घरी करून पाहा. सदाहरित घनदाट जंगलाचा, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर जे थोडेफार उरले आहे त्याचा, २००८ चा वरचा दर पडतो चौरस फुटाला पावणेदहा रुपयांच्या आत. एकदाच भरायचे, कायमचे. दीडपट वाढीनंतर धरा पंधरा रुपये. या सभागृहातल्या फरशीचा भावही त्याहून जास्त असेल.

आता दुसरा आकडा ऐका. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरच्या पुलांसाठी जुनी झाडे तोडायची होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा २०२१ मध्ये उजेडात आलेला अहवाल सांगतो की एका झाडाचे मोल म्हणजे त्याचे वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यातले ४५,००० एकट्या ऑक्सिजनचे. हा दर आपल्या जंगलाला लावू. हेक्टरात फक्त शंभर झाडे धरा, विरळच झाले. प्रत्येक झाड फक्त वीस वर्षांचे धरा. शंभर गुणिले वीस गुणिले ७४,५००. उत्तर येते १४ कोटी ९० लाख. एका हिशेबाने हेक्टराला दहा लाख, दुसऱ्याने पंधरा कोटी. देश एक, न्यायालय एक, मधे तेरा वर्षे.

यातला बरोबर आकडा कोणता, असे मला दरवेळी विचारतात. गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही उत्तरांची एकके वेगळी आहेत, दोन्हींपुढे ‘रुपये’ लिहिले आहे एवढेच. पहिल्या हिशेबात प्रश्न असा होता की प्रकल्प अडू नये आणि वनखात्याच्या हाती काही रक्कम यावी, तर किती आकारावे. दुसऱ्यात प्रश्न असा की झाड उभे राहून जे देते ते पैशाने विकत घ्यायला निघालो तर काय पडेल. यातला ऑक्सिजनचा हिशेब मला स्वतःला पटत नाही. ऑक्सिजनला बाजारभाव आहे तो सिलिंडरमधल्या, रानातल्या हवेला नाही. आणि तोडीच्या बाजूचा वकील पहिला हल्ला नेमका तिथेच चढवणार. झाडाच्या बाजूने बोलताना फुगवलेला आकडा घेऊन उभे राहू नये. तो फुटला की खरे नुकसानही कोणी ऐकून घेत नाही.

‘वर्तमान’ या शब्दातही एक मेख आहे. पन्नास वर्षांनी मिळणारा लाख रुपयांचा लाभ आज केवढा? चार टक्के वटावाने सुमारे १४,०००. दहा टक्क्यांनी साडेआठशे. नातवंडांच्या पाण्याची किंमत आज एका जेवणाच्या बिलाइतकी होते आणि तक्त्यात त्यासाठी कुठे खोटे बोलावे लागत नाही, नुसती टक्केवारी बदलली की पुरते.

बाजारभाव नसला की हाताशी सापडेल तो आकडा उचलण्याची खोड जगभर आहे. लंडनचा तिसरा विमानतळ कुठे करावा यासाठी १९६८ मध्ये रॉस्किल आयोग नेमला गेला. एका जागेच्या वाटेत स्ट्यूकलीचे बाराव्या शतकातले चर्च येत होते. त्याचे मोल काय धरले? आगीच्या विम्याची रक्कम, ५१,००० पौंड. मग इतका गदारोळ झाला की विचारू नका. विमा उतरवणाऱ्याने चर्च पुन्हा उभारायला काय लागेल ते सांगितले होते; आठशे वर्षे कोणी भरून द्यायची हा त्याचा प्रश्नच नव्हता.

मग सरळ माणसांनाच विचारावे, असा पुढचा मार्ग निघाला. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात सांडले. मासळी गेलेल्या कोळ्यांचा तोटा मोजता येत होता. पण जे अमेरिकन कधी अलास्काला गेले नाहीत, जाणारही नाहीत, त्यांचे काही बिघडले का? अभ्यासकांनी देशभर घरोघर जाऊन विचारले, पुन्हा असे होऊ नये म्हणून तुम्ही एकदाच किती कर द्याल? मधले उत्तर आले घरटी ३१ डॉलर. नऊ कोटींवर घरांनी गुणले, झाले २८० कोटी डॉलर. यावर अर्थशास्त्रज्ञांत जुंपली. शेवटी केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल मानकऱ्यांच्या समितीने १९९३ मध्ये कौल दिला की ही रीत अगदीच टाकाऊ नाही, पण प्रश्न फार जपून विचारला पाहिजे.

प्रश्न कसा विचारायचा यातच सगळे आले. ‘हे राखायला तुम्ही किती द्याल?’ आणि ‘हे सोडायला तुम्ही किती घ्याल?’ हे दोन प्रश्न पुस्तकात सख्खे भाऊ दिसतात, घरात वैरी निघतात. हॅमॅक आणि ब्राऊन या दोघांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या बदकांच्या शिकाऱ्यांना दोन्ही विचारले. १९७४ मध्ये छापलेली उत्तरे अशी: शिकारीचा हक्क टिकवायला देऊ २४७ डॉलर, सोडायला घेऊ १,०४४. बदके तीच, माणसे तीच. ॲरो-सोलो समितीने ‘किती द्याल’ हाच प्रश्न वापरा असे सांगितले, कारण ते उत्तर माफक येते. माफक का येते? कारण देणाऱ्याच्या खिशाला तळ असतो. ज्याच्या खिशात काही नाही त्याला विचारा, नदी राखायला किती देशील. तो म्हणेल, दहा रुपये. म्हणून त्याची नदी दहा रुपयांची झाली का?

‘किती द्याल’ विचारले म्हणजे आपण गृहीत धरले की नदी तुमची नाही, हवी तर विकत घ्या. ‘किती घ्याल’ विचारले म्हणजे निदान ती तुमची आहे हे मान्य केले. माझ्या मते आकडा काढण्याआधीच निम्मा निकाल इथे लागतो. आणि दुसऱ्या प्रश्नाचे आणखी एक उत्तर असू शकते ज्यात आकडाच नसतो. सर्वेक्षणवाले अशा उत्तराला निषेधाचे उत्तर म्हणतात आणि पुष्कळदा हिशेबातून वगळतात.

ते उत्तर मुळशीने दिले होते. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापट त्याचा चेहरा झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, निळा-मुळेच्या खोऱ्यात पाणी होते, आणि जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा होता. खोरे आंबेमोहोराचे. मोबदला देऊ केला होताच. पण घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा अभ्यास केला आहे, त्यातली मला सगळ्यांत बोचलेली गोष्ट अशी की पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती आणि त्यांना मोबदला घेण्यात फारशी अडचण नव्हती. ज्यांनी ती कसली त्यांचा नकार तीन वर्षे तुरुंगात जात राहिला. रकमेवर सही करणारा एक, मुकणारा दुसरा. पुढे कितीतरी तक्त्यांत हेच झाले.

त्या नकाराची एक अस्पष्ट खूण कायद्यात मात्र राहिली आहे. १८९४ च्या कायद्याने बाजारभावावर १५ टक्के जादा रक्कम ठेवली होती, जमीन सक्तीने घेतली जाते म्हणून. आपण तिला दिलासा रक्कम म्हणतो. १९८४ मध्ये ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या कायद्याने १०० टक्के. म्हणजे ‘मला विकायची नव्हती’ या वाक्याची सरकारी किंमत जवळपास एकशेवीस वर्षांत पंधरा टक्क्यांवरून शंभरावर गेली. बाजारभाव पुरा पडत नाही हे कायद्याला पहिल्यापासून ठाऊक होते, नाही तर दिलासा कसला?

शहाणपणाने भाव लावता येतो, पण त्यासाठी आधी हक्क हातात लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पूर्वी तिथला बांबू कागद कारखान्यासाठी स्वस्तात जायचा. वाहतूक परवान्याची वहीच २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आल्यावर तिने स्वतः लिलाव करून बांबू विकला. बांबू विकायचा, जंगल नाही, हा भेद गावाने केला. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना २०१३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने विचारले गेले, तेव्हा बाराही जणींनी खाणीला नाही म्हटले. आणि त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ (कालव्यांचा हिशेब करणाऱ्या धनंजयरावांचे चिरंजीव) सह्याद्रीतल्या देवराया धुंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीतून वाचवायला त्यांची मदत मागितली. गावाचा ओढा त्या राईतून निघत होता. लोकांनी ओढ्याला भाव लावला नव्हता, राई देवीची म्हणून ठेवली होती. हिशेब त्यांना कळत नव्हता असे समजण्याचे काही कारण नाही.

तेव्हा माझे मत सांगून टाकतो. भाव लावा. शून्यापेक्षा चुकतमाकत काढलेला आकडा बरा, कारण शून्यावर बुलडोझर लवकर येतो. फक्त प्रत्येक आकड्यापुढे गुरुजींसारखे विचारा: कोणी विचारले होते, कोणाला विचारले होते, आणि ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का? ही तीन उत्तरे नसलेला अहवाल, मग तो कितीही जाड असो, माघारी पाठवण्याच्या लायकीचा समजावा.

शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी होते, तिची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. २०१३ च्या कायद्याखाली जमीन जाणार असेल तर प्राथमिक अधिसूचनेपासून हरकतीला साठ दिवस असतात. या वाचनालयात वर्तमानपत्रे रोज लागतात. तरुण कार्यकर्त्यांनी अशा सूचना कापून फलकावर लावाव्यात, एवढी माझी विनंती आहे. हरकत घ्यायला वकील लागत नाही. साधा कागद, गट नंबर, आणि तक्त्यात कशाला रकाना नाही ते आपल्या शब्दांत.

राष्ट्रीय महामार्गाला मात्र मुदत एकवीसच दिवसांची. आमच्याकडची अधिसूचना पेपरात आली ती नवरात्रात. काका तेव्हा भातकापणीत होते. रायवळाबद्दल हरकत कोणी घेतली नाही.